पंधरा ग्रॅम वरचे

सोमवारी सकाळी निंबाळखेड्याची विहीर नऊ फुटांनी निर्यात झाली.

पाणी आटलं असं कुणी म्हणालं नाही. आटलेलं पाणी खाली जातं, हे लांब गेलं होतं. हौसाआत्यांनी पोहरा सोडला, वर ओढला, त्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"फ्रीजमधलं लागतंय," त्या म्हणाल्या. मग पोहरा हुंगला. "डिझेलचा वास पण येतोय. बोट सुटली वाटतं."

बोट सुटलीच होती. आणि हे सगळं सुलभा गायखेच्या सुवाच्य अक्षरात झालं होतं.

सुलभा गावाबाहेरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काट्यावर बसायची. नंबर सतरा. तिथे प्रत्येक बाईला नंबर होता आणि तो प्रत्येक खोक्यावर घालायचा, म्हणजे सातासमुद्रापार कुणाच्या डबीत सडका मणी निघाला तर तो कुणाच्या हातचा ते कळावं. अकरा वर्षं सुलभाचं काम एकच: अर्ध्या किलोच्या डबीत पाचशे पंधरा ग्रॅम भरणं. वरचे पंधरा ग्रॅम म्हणजे घट. चोवीस दिवसांच्या प्रवासात द्राक्षांतलं पाणी उडतं, आणि तिकडे उतरताना तर डबी अर्धा किलो भरली पाहिजे. सुलभाला याची इतकी सवय झाली होती की घरी चहात साखर टाकल्यावरसुद्धा ती वर दोन दाणे घट म्हणून टाकायची.

यंदा नवीन धोरण आलं. वरचे पंधरा ग्रॅम म्हणजे फुकटची निर्यात, ती बंद. डबीत पाचशेच भरायचे. वाटेत येईल ती घट 'मूळ ठिकाणाहून परस्पर भरून घेतली जाईल'. मालकांना हे वाक्य एवढं आवडलं की त्यांनी पेढे वाटले. फॉर्म भरायला सुलभाला बसवलं. 'मूळ ठिकाण' या रकान्यात तिने गावाचं नाव लिहिलं आणि कौतुकाने खाली रेघ मारली.

बुधवारी विहिरीतलं पाणी एका बाजूला कललं. "वळली बोट," बायका म्हणाल्या. गुरुवारी आतून इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली. शुक्रवारी पाणी चार फूट उरलं. एकेचाळीस घरं त्या एका विहिरीवर होती.

"सुलभे," हौसाआत्या म्हणाल्या, "तूच रेघ मारलीस ना? मग तूच जाऊन पुसून ये."

तालुक्याच्या निर्यात खिडकीवर ढोबळे साहेब बसत. खिडकीबाहेर कांद्याचा ट्रक उभा होता. दर वीस मिनिटांनी कांद्याच्या निर्यातीवर बंदी यायची, की तो गावाकडे तोंड करायचा. आणखी वीस मिनिटांनी बंदी उठायची, की तो बंदराकडे तोंड करायचा. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवता फिरवता झोपला होता.

"साहेब, आमचं पाणी गेलं," सुलभा म्हणाली.

"शक्य नाही. पाण्याच्या निर्—" ढोबळे म्हणाले आणि घड्याळात एक वाजला. त्यांनी हातातलं पेन हवेत सोडलं. पेन होतं तिथेच राहिलं. ढोबळ्यांनी डबा उघडला, मेथीची भाजी खाल्ली, दोनला डबा लावला, पेन हवेतून घेतलं. "—यातीला परवानगीच नाही. त्यामुळे ते गेलेलं नाही."

"मग कुठाय?"

"द्राक्षांत."

"पण पंधरा ग्रॅमची घट, आणि विहीर अख्खी?"

"नुसतं उडालेलं धरत नाहीत, बाई. वेल जेवढं प्याली तेवढं सगळं धरतात. वर्षभर पाजलंत ना?"

पाजलं होतं.

ढोबळ्यांनी दुरुस्तीचा फॉर्म पुढे सरकवला. त्यांच्या शिक्क्याच्या पॅडमध्ये एका शिक्क्यापुरतीच ओल होती, म्हणून ते घाई करत होते. सुलभाही घाबरली होती. घाबरल्यावर तिचा हात आपसूक तेच लिहायचा जे अकरा वर्षं प्रत्येक तक्रारीच्या कागदावर लिहीत आला होता. 'मूळ ठिकाण'समोर तिने लिहिलं: १७. ढोबळ्यांनी शिक्का मारला.

ती गावात पोचेपर्यंत विहीर भरत आली होती. पाणी कोमट, सरळ, बिनवासाचं. हौसाआत्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू कपाळावर टेकताच ओलं झालं आणि नाकावर ओघळलं.

शनिवारी सुलभाच्या तोंडातली थुंकी संपली. रविवारी तिने भाकरीसाठी कोरड्या पिठात हात घातला आणि पीठ आपोआप मळलं गेलं. जे जे कोरडं असेल ते तिला ओढत होतं. वर्तमानपत्र धरलं की लगदा व्हायचा. ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि पाणी घशाखाली उतरण्याआधीच बोटीवर पोचायचं.

"हातात घेतलेला पापड मऊ पडला," नवरा अंकुश म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊ या का?"

"डॉक्टरांनी काल माझी नाडी धरली," सुलभा म्हणाली. "त्यांनाच रुमाल लागला."

सोमवारी शेजारच्या काट्यावरच्या रुक्साना पठाणने तिला खोक्यांच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस किलो. मागच्या आठवड्यात बावन्न होती.

"बये, तुझा मनुका होतोय," रुक्साना म्हणाली. हसली, आणि मग हसायची थांबली, कारण सुलभाच्या हाताच्या कातडीवर उभ्या बारीक चुण्या पडल्या होत्या आणि तिला खरंच गोडूस वास येत होता. "किती दिवस राहिलेत बोटीचे?"

"सोळा."

"आणि तू किती दिवस पुरशील?"

सुलभाने मनातल्या मनात हिशेब केला. आयुष्यभर वजनंच केली होती. "सहा," ती म्हणाली. "घट धरून पाच."

दोघी तशाच कामावरच्या टोप्या घालून तालुक्याला गेल्या. रुक्सानाने दोन लिटरची बाटली घेतली होती, ती बसमध्येच संपली. निर्यात खिडकीपाशी पोचल्या तेव्हा एकला दहा कमी होते. ट्रक गावाकडे तोंड करून होता.

"पुन्हा दुरुस्ती?" ढोबळे म्हणाले. "दुसरी म्हणजे शेवटची. आता काय लिहिता? गावाचं नाव चालेल."

सुलभाला विहिरीवरची एकेचाळीस घरं दिसली. "गाव नको."

"मग दुसरा कुठला नंबर?"

"अठरा लिही," रुक्साना म्हणाली. "मी सत्त्याहत्तर किलोची आहे. सोळा दिवस आरामात काढीन. आमच्या यांना तर आनंदच होईल."

"गप गं."

"गप काय? तू मरणार आहेस, मी बारीक होणार आहे. दोन्हींत फरक आहे."

"फरक नाही," ढोबळे म्हणाले. "मागून अजून तीन कंटेनर आहेत. सगळे याच नंबरवर लागतील."

रुक्सानाने आपला अठरा मागे घेतला. भिंतीवरचं घड्याळ एकला पाच कमी दाखवत होतं.

"आणि साहेब," सुलभाने विचारलं, "रकाना रिकामाच ठेवला तर?"

ढोबळ्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं. "रिकामा असल्यास, अर्ज जिथे स्वीकारला ते ठिकाण." त्यांनी मान वर केली. "म्हणजे हा कूलर, तो माठ आणि मी."

सुलभाने पेन घेतलं, १७ वर काट मारली आणि पुढे काही न लिहिता कागद त्यांच्याकडे वळवला.

ढोबळ्यांनी कागद वाचला. पुस्तक वाचलं. पुन्हा कागद वाचला. "नियमात बसतं," ते खिन्नपणे म्हणाले आणि पॅड उघडलं. पॅड खडखडीत होतं. "शिक्का ओला लागतो. थोडं पाणी?"

रुक्सानाने बाटली उलटी करून दाखवली. "तुमचा माठ?"

"माठ दोनला भरतात."

एकला एक मिनिट कमी होतं. सुलभाने अंगठा पॅडवर टेकवला. पॅडने आधी एक निळा ठिपका घेतला, मग सगळं पॅड गडद झालं, काठोकाठ फुगलं.

"बास, बास," म्हणत ढोबळ्यांनी शिक्का त्यात बुडवला, कागदावर नेला, रकान्यावर नीट धरला आणि घड्याळात एक वाजला.

त्यांनी शिक्का हवेत सोडला. शिक्का कागदापासून बोटभर वर तसाच राहिला. ढोबळ्यांनी डबा उघडला. आज दोडका होता.

"साहेब, एवढा खाली तरी दाबा हो!" रुक्साना ओरडली. तिने स्वतःच दोन्ही हातांनी शिक्का दाबून पाहिला. तो हलला नाही. मग ती सुलभाचा अंगठा ओढायला लागली. तोही हलला नाही.

पॅडला जेवणाची सुट्टी नव्हती. त्याच्या काठावरून निळं पाणी टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली थेंब थेंब पडायला लागलं. बाहेर ट्रक बंदराकडे वळत होता. सुलभाच्या हातातल्या बांगड्या कोपरापासून मनगटापर्यंत सैल होत आल्या. त्यातली एक मोकळ्या हातावरून निसटली, टेबलावर घरंगळत गेली आणि शिक्क्याच्या बरोबर खाली, रिकाम्या रकान्याभोवती गोल बसली.