काटा दोनवरच

खुर्च्या किती मांडायच्या एवढं विचारायला मी मागच्या खोलीच्या दारात गेले. पाच वाजता सासऱ्यांच्या छंदमंडळाचे लोक येणार होते. ही मंडळी आपापल्या घरी बसून चिमुकली इंजिनं बनवतात आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या इंजिनातल्या खोडी काढायला जमतात. आज पाळी सासऱ्यांच्या वाफेच्या इंजिनाची होती.

खोली अरुंद. एका भिंतीला लेथ, दुसऱ्या बाजूला लांब टेबल. टेबलावर इंजिन होतं: तळहाताएवढं चाक, अंगठ्याएवढा सिलिंडर आणि त्याला वाफ पुरवणारा तांब्याचा आडवा बॉयलर, लोणच्याच्या बरणीएवढा. बॉयलरखाली पत्र्याच्या ट्रेमध्ये स्पिरिटचा दिवा जळत होता. टेबलाच्या टोकाशी, कोपऱ्यात, ठेंगण्या स्टुलावर घड्याळकाका बसले होते. हे सासऱ्यांचे जुने दोस्त. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता गुडघे कामातून गेलेले. बॉयलरचं चपटं तोंड त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं.

"ये सूनबाई," ते म्हणाले. "तुझे सासरे मघापासून ते चाक पुसतायत. लग्नात स्वतःचं तोंडसुद्धा एवढं पुसलं नव्हतं यांनी."

"घड्याळ्या, गप बस. हलू नकोस, टेबल हलतं." सासऱ्यांनी वाफेचा कॉक बंद करून चाक थांबवलं होतं आणि फडक्याच्या टोकाने तेल टिपत होते. मला म्हणाले, "काल सगळीकडून गळत होतं गं. गेजच्या सांध्यातून, सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडातून. मग नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणली आणि सगळ्या आट्यांना गुंडाळली. सेफ्टी उगाच आधीच फुसफुसत होती, तिचा नट जरा आवळला. आज बघ, एक थेंब नाही. आमचे अध्यक्ष भिंग घेऊन आले तरी हात हलवत परत जातील."

मी वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहिलं. कोटाच्या बटणाएवढी तबकडी, त्यात केसासारखा काटा. काटा दोनवर होता.

"सेफ्टी तीनला उडून वाफ सोडते ना, बाबा?"

"उडायला हवी. पण काटा आहेच कुठे तीनवर? मघापासून दोनवरच आहे, शहाण्या मुलासारखा."

"आणि चाक कधीपासून बंद आहे?"

"मघापासूनच की. चहा आला तेव्हा थांबवलं."

चहाचे कप टेबलावर होते. तळाला राहिलेल्या चहावर साय धरली होती.

मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेची भांडी निर्जंतुक करायला आमच्याकडे वाफेचं मोठं पिंप आहे, आणि त्याच्या काट्याकडे बघणं हा माझ्या नोकरीचाच भाग. खाली आग असेल आणि वाफेला बाहेर जायला कुठेच वाट नसेल, तर काटा चढलाच पाहिजे. तो थांबू शकत नाही. थांबला असेल, तर आतली वाफ त्याच्यापर्यंत पोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. टेपचा एखादा तुकडा गेजच्या नळीत जाऊन बसला असणार. मग आत आत्ता चार होते की आठ, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि सेफ्टी आवळलेली होती.

दिव्याची निळी ज्योत शांत जळत होती.

"बाबा, गेजवर टिचकी मारा."

"कशाला?"

"मारा ना."

त्यांनी नखाने टिचकी मारली. चांगल्या गेजचा काटा टिचकीने थरथरतो. हा थरथरला नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग फडकं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं रे?" घड्याळकाका म्हणाले. "काटा उभा आहे म्हणजे सगळं ठीक ना?"

"तुझ्या घड्याळात काटा उभा राहिला की ठीक असतं का?" सासरे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांचा हात पान्ह्याकडे गेला. सेफ्टीचा नट सैल करायचा होता त्यांना. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांच्या अंगाला असा हात मी आधी कधी लावला नव्हता.

"त्याला आत्ता हात लावायचा नाही, कॉकलाही नाही, धक्क्याने फुटेल. आधी आग काढायची."

"मी काढतो."

"मूठ माझ्या बाजूला आहे, मीच ओढते."

ट्रेला तारेची मूठ होती, ती बॉयलरच्या बाजूला. मी तोंडासमोर न जाता कडेने गुडघ्यावर बसले आणि मूठ ओढली. ट्रे अडकला. जोर लावावा तर वरचं सगळं हलणार होतं. बॉयलर माझ्या कानाजवळ होता. आतून काहीच आवाज येत नव्हता, उकळल्याचासुद्धा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी मूठ किंचित उचलली, ट्रे सुटला, दिवा बाहेर आला. सासऱ्यांनी त्यावर झाकण ठेवलं. त्यांना ते दोनदा ठेवावं लागलं.

"आता काका, तुम्ही बाहेर या. टेबलाला धक्का न लावता."

घड्याळकाका उठायला लागले. त्यांना उठायला नेहमी टेबलाचा आधार लागायचा. हात सवयीने टेबलावर गेला आणि हवेतच थांबला.

"अरे, मी उठू कशावर?"

"भिंत धर," सासरे म्हणाले. "भिंत धर, लेका, आणि पोट आत घे."

"आजच सांगतोयस होय पोटाचं."

ते भिंतीला पाठ घासत उठले. टेबल आणि भिंतीमधून त्यांना आडवं सरकायचं होतं, आणि त्या वाटेवर बॉयलरचं तोंड आधी छातीसमोर, मग बगलेजवळ येत होतं. त्यांनी डोळे मिटले. सासरे बाहेर जाईनात. ते हात पुढे करून उभे होते आणि पुटपुटत होते, "ये, ये, हळू, ये." घड्याळकाकांच्या सदऱ्याचा खिसा कॉकच्या दांड्यात अडकला. त्यांना ते कळलं नाही. मी वाकून चिमटीने कापड सोडवलं. माझा श्वास तांब्यावर पडत असेल इतकी मी जवळ होते.

मग आम्ही तिघं बाहेर होतो. मी दार लावलं आणि सगळ्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं. घड्याळकाका पायरीवर बसून गुडघे चोळू लागले. सासऱ्यांनी अध्यक्षांना फोन लावला. "आज येऊ नका. नाही, गळत नाहीये. गळत नाहीये हाच घोटाळा आहे."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. आत आवाज झाला नाही. पण आवाज न होणं हा धोका टळल्याचा पुरावा नव्हता, म्हणून मी कोणालाही दाराकडे जाऊ दिलं नाही.

शेवटी मी आणि सासरे आत गेलो. मी लांबूनच बॉयलरवर पाणी शिंपडलं. ते चरचरलं नाही, नुसतं ओघळलं. त्यांनी पाणी भरायचं बूच अर्धा आटा सैल केलं. आतून सूंऽऽ असा लांब आवाज आला आणि आम्ही दोघं दारापर्यंत मागे उडालो. बॉयलर हवा आत ओढत होता. आतली वाफ निवली की पोकळी होते, हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात दाराच्या कडीवरच होता.

सासऱ्यांनी स्टीलची पट्टी घेतली आणि बॉयलरच्या चपट्या तोंडावर उभी टेकवली. पट्टी डुगडुगली. त्यांनी ती आडवी धरली. मधे टेकत होती, दोन्ही कडांशी फट, आणि फटीतून खिडकीचा उजेड. तांबं फुगलं होतं. कडेचा सांधा कसा धरून राहिला, ते सांगता येणार नाही.

"किती गेलं असेल प्रेशर?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाज?"

"नाही करता येत, बाबा."

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. ते अजून तिथेच, तोंडासमोर होतं. मग ड्रिल काढलं. त्यांच्या मंडळात रीत आहे, की जो बॉयलर पुन्हा पेटवायचा नाही त्याला आरपार भोक पाडायचं, म्हणजे पुढे कोणाच्या हाती लागला तरी कोणी पेटवणार नाही.

"धर," ते म्हणाले. "मला एकट्याला धरवणार नाही."

मी दोन्ही हातांनी बॉयलर धरला. तांब्याचा लाल कीस निघाला, मग टोक आरपार गेलं, आणि पाणी माझ्या बोटांवरून वाहिलं. ते कोमट होतं. तरीही मी ओरडले.