नमुना दूषित

आमच्या लॅबमध्ये एक नियम होता, आणि तो चुकीचा नव्हता. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्लेटवर लावून जंतू वाढवायच्या तपासणीत, दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू वाढले, तर नमुना घेतानाच बाहेरची घाण मिसळली असं धरायचं आणि रिपोर्टवर लिहायचं, ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा.’ १९९८ साली नाशिकच्या त्या लॅबमध्ये हा शेरा मी दिवसातून दोन-तीनदा तरी लिहीत असे.

मैनाबाई पहिल्यांदा आल्या त्या मार्चमध्ये. त्यांचे यजमान निवृत्ती चांदवडला शिंपीकाम करत. त्यांना आतड्याचा क्रोन्स नावाचा आजार होता. आधी दीड वर्ष टीबी समजून औषधं झाली. मग नाशिकच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि स्टेरॉइड सुरू केलं. पोट जरा शांत झालं, तर लघवीची जळजळ आणि थंडीताप मागे लागला. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल हे कळावं म्हणून कल्चर सांगितलं होतं. सकाळचा नमुना पिशवीत घालून मैनाबाई एसटीने आल्या होत्या.

प्लेटवर तीन प्रकार वाढले. मी शेरा लिहिला.

एप्रिलमध्ये दुसरा नमुना आला. पुन्हा तीन. रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा मी मैनाबाईंना काउंटरवरच मोठ्याने समजावायला घेतलं. मागे सात-आठ माणसं बसली होती.

“बाटली धुतली होती का?”

“उकळून घेतली व्हती, ताई.”

“आणि झाकण?”

“झाकणबी.”

“मग घाण कुठून येते? नीट स्वच्छता ठेवा. त्यांनाच त्रास होतो आहे.”

त्यांनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. मग पदर तोंडाशी धरून हसल्या. “एक सांगू का? सारखं मोरीत उठून जात्यात, तर गिऱ्हाईकं त्यांची लय मजा करत्यात. म्हणत्यात, मास्तर, मशीन मोरीतच मांडा ना. आन ते मला काय म्हणले, लघवीला बसलं की मधीच हवा येती. सोड्याची बाटली फोडल्यावानी.”

मीही हसले. “हे डॉक्टरांना सांगा,” म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला.

त्यांनी सांगितलं नाही. निवृत्तींना लाज वाटली, हे मला नंतर कळलं. मला लाज वाटण्याचं काही कारण नव्हतं, आणि तरीही मी ते कुणाला सांगितलं नाही. माझं काम प्लेट वाचण्याचं होतं.

जूनमध्ये तिसरा नमुना. तोच शेरा. या वेळी मी आमच्याकडच्या सहा निर्जंतुक बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. “आता चुकायला जागाच नाही,” असंही म्हणाले.

सप्टेंबरमध्ये निवृत्ती स्वतः आले. त्या सहांतली एक बाटली शर्टाच्या खिशात होती. शर्ट त्यांनीच शिवलेला असणार, शिलाई फार सुरेख होती. आतला माणूस मात्र त्या मापाचा उरला नव्हता.

“आता तिला हात लावू देत नाय मी बाटलीला,” ते म्हणाले. “बाईमाणसाला एवढंबी जमंना. आई तर तिच्या हातचं पाणी घेईना झाली.”

मैनाबाई शेजारीच होत्या. जमिनीकडे बघत होत्या.

त्यांनी लॅबच्याच मोरीत नमुना दिला. मी दहा मिनिटांत तो प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला, तेव्हा तीन प्रकार वाढलेले होते.

मी पेन उचललं. मग ठेवलं आणि रजिस्टर काढून मार्चपर्यंत मागे गेले. मार्च, एप्रिल, जून, सप्टेंबर. दर वेळी तेच तीन जंतू. बाहेरची घाण मिसळते तेव्हा ती एकदा एक असते, दुसऱ्यांदा दुसरी. इतक्या नेमाने ती येत नाही. हे तिन्ही जंतू आतड्यात राहणारे. आणि आतड्यातली हवा लघवीवाटे यायला एकच मार्ग असतो: सुजलेलं आतडं मूत्राशयाला चिकटतं आणि दोहोंच्या मध्ये भोक पडतं. हे मी एम.एस्सी.ला वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

लॅबचे मालक डॉ. गायधनी यांनी चारही नोंदी पाहिल्या आणि लगेच निवृत्तींच्या डॉक्टरांना फोन लावला. मी चांदवडच्या दुकानाशेजारच्या पीसीओवर फोन केला. त्या माणसाने सांगितलं, मास्तरांना रात्रीच जीपमधून नाशिकला नेलं, अंगात ताप मावत नव्हता.

जंतू रक्तात गेले होते. ऑपरेशन झालं. भोक सापडलं, बोराच्या बीएवढं. अकराव्या दिवशी निवृत्ती गेले.

डिसेंबरात मैनाबाई आल्या. त्यांनी काउंटरवर फडक्याची गाठ सोडली. आत पाच बाटल्या होत्या.

“तुमच्या व्हत्या. उकळून आणल्यात.”

मी म्हणाले, “मैनाबाई, चूक तुमची नव्हती. नमुना कधीच खराब नव्हता. ती घाण त्यांच्या आजाराचीच होती. मला ते दुसऱ्याच वेळी कळायला हवं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. “मला ठाव व्हतं ना. मी उकळत व्हते, मला ठाव नसंल? त्यांना ठाव नव्हतं.” मग म्हणाल्या, “दवाखान्यातबी मला म्हणले, तुझ्या हातानं झालं हे. सासू अजून चुलीजवळ येऊ देत नाय. तुम्ही कागदावर लिहून देता का? तुमच्या कागदावरचं ती खरं मानती. पहिले तीन कागद तिनं जपून ठेवलेत.”

मी रिपोर्टचा कोरा कागद घेतला. वर निवृत्तींचं नाव, चार तारखा. खाली लिहिलं: चारही नमुने स्वच्छ होते. त्यांतले जंतू रोग्याच्या आतड्यातून आलेले होते. ‘नमुना दूषित’ हा शेरा तीन वेळा मी दिला. तो चुकीचा होता. पूर्ण नावाने सही केली. डॉ. गायधनींनी शिक्का मारला.

मैनाबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

“वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. मग मागे बाकांवर बसलेल्या माणसांकडे वळून पाहिलं. “जरा मोठ्यानं वाचा. त्या दिवशी बोलला व्हता तेवढ्या.”

मी उभी राहिले आणि वाचलं.