जागा धरणारा दुपट्टा

मी दुपट्टा बोलतोय. हसताय कशाला? अठरा वर्षं एस.टी.च्या खिडकीतून रोज उडी मारणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नसेल, असं वाटलं की काय तुम्हाला!

घाटंजीच्या आठवडी बाजारात इंदुताईंनी मला घेतलं, तो माझा जन्म. त्याआधी गठ्ठ्यात दाबून पडलो होतो, ते काही जगणं नव्हतं. पांढरा, जाड सुताचा, लाल काठाचा, बाप्यामाणसानं खांद्यावर टाकायचा. घरी नेल्यावर त्यांनी माझ्या एका कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं 'इं' काढलं. त्यांचे यजमान भगवानराव म्हणाले, "दुपट्टा माहा, अन् नाव तुहं?"

"खांद्यावर तुमच्याच राहील जी," इंदुताई म्हणाल्या, "पण काम माहं करीन तो."

आणि तसंच झालं. दोघं राहायला नेरला आणि नोकरीला यवतमाळला. ते एका हायस्कुलात मास्तर, त्या मुलींच्या शाळेत बाई. इंदुताईंच्या डाव्या गुडघ्यात जोर कमी, गर्दीत घुसणं त्यांना जमत नसे. म्हणून संध्याकाळी यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागली रे लागली की भगवानराव पळत जायचे आणि मला खिडकीतून आत फेकायचे. मी सीटवर पडलो की ती जागा इंदुताईंची. कोणी मला बाजूला सारू लागलं तर भगवानराव खालून ओरडायचे, "ओ भाऊ, माणूस हाय तिथं! येऊन राह्यलं!"

मग इंदुताई सावकाश यायच्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लेक अपेक्षा. ती पोरगी लांबूनच मला शोधायची. "आई, दुपट्टा बसला! आता बाबा येतीन अन् मग आपण!" त्या घरात दुपट्टा आधी आणि माणसं मागून, हा नियमच होता. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू?

पुढं अपेक्षा शिकली, लग्न झालं, नवऱ्यासोबत मलेशियात मलाक्का नावाच्या गावी राहायला गेली. इंदुताईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ठरलं असं की दोघांनी सिंगापूरला जायचं, तिथून तीन दिवस जहाजात फिरायचं आणि मग हद्द ओलांडून बसनं लेकीकडं. इंदुताईंनी पासपोर्टसुद्धा काढला. त्यातला फोटो पाहून म्हणाल्या होत्या, "चोरासारखी दिसून राह्यली जी मी!"

पासपोर्ट कोराच राहिला. छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत इंदुताई गेल्या. अपेक्षाला तेव्हा नववा महिना, विमानात कोण बसू देणार? फोनवर ती नुसती रडत होती, "बाबा, मी काय करू? कशी येऊ?" आणि भगवानराव म्हणाले, "आता येऊन कोणाले भेटतं?"

मी त्यांच्या खांद्यावरच होतो. ते वाक्य त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण पलीकडं ते रागासारखंच ऐकू गेलं. त्यानंतर तीन वर्षं फोन यायचा तो असा. "जेवले का?" "जेवलो." "तब्येत?" "बरी हाय." झालं, संपला फोन. फोन ठेवला की भगवानराव माझ्यात तोंड खुपसून बसायचे. त्यांना तो शब्द परत घ्यायचा होता आणि फोनवर तो काही केल्या घेता येत नव्हता.

शेवटी एकदा लेकच म्हणाली, "बाबा, तुमी तरी या. माह्या लेकीनं, खुशीनं आजोबा पाह्यला नाही अजून."

यवतमाळात सुनील नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी प्रवासाची कामं करतो. जहाजावर जाणारी म्हाताऱ्या मंडळींची एक पार्टी त्याच्याकडं तयारच होती. पार्टी जहाजातून उतरून विमानानं परत येणार होती. पुढं हद्दीपलीकडं जाणारे एकटे भगवानराव.

"सर, अपेक्षाताई तुमाले घ्यायले सिंगापूरले येतो म्हणते," सुनील म्हणाला.

"काहून? एवढंसं लेकरू घेऊन? बसमंदी बसणं मले शिकवता का आता तुमी?"

सुनील हसला. कोणती सीट पाहिजे म्हणून विचारलं, तर भगवानरावांनी दोन सांगितल्या. खिडकीची आणि तिच्या बाजूची.

"सर, दोन कायले?"

"एक माही." भगवानरावांनी मला खांद्यावर नीट केलं. "एक सामानाले."

सुनीलनं माझ्याकडं पाहिलं आणि दोन सीटा बुक केल्या. मग म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. हद्दीवर सगळं सामान घेऊन उतरा लागते. शिक्का मारून या लागते. गाडी वीस मिनिटं थांबते, मंग थांबत नाही. सीटवर काही ठेवू नका. सर, लक्ष कुठं हाय? वर्गात तुमी हेच मले विचारत होते."

"समजलं रे बाबा," भगवानराव म्हणाले. काही समजलं नव्हतं त्यांना.

जहाजाचं काय सांगू! नेरचा आख्खा बाजार मावेल एवढं ते जहाज. आणि गंमत म्हणजे, तिथंही वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या माणसं टॉवेल टाकून धरत होती. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. भगवानरावांनी कठड्याजवळच्या खुर्चीवर मला पसरलं आणि स्वतः बाजूच्या खुर्चीत बसून समुद्र पाहत राहिले. "समुद्र पाह्य, इंदू," एकदाच म्हणाले. मग ते जेवायला गेले. येऊन पाहतात तर मी घडी करून कोपऱ्यात, आणि त्या खुर्चीत कोणी दुसरीच बाई. अर्धा तास माणूस आलं नाही की तिथं जागा मोडतात म्हणे. भगवानरावांनी मला उचललं आणि त्या दिवशी संध्याकाळचा चहाही घेतला नाही.

चौथ्या दिवशी जहाज सिंगापूरला लागलं. पार्टी विमानतळाकडं गेली आणि आम्ही दोघं बसमध्ये. मी खिडकीशी, ते माझ्या बाजूला. हद्द आली. सगळे बॅगा घेऊन उतरले. भगवानरावांनीही बॅग घेतली, उठले, आणि मला सीटवर नीट पसरून ठेवलं. चहाला गाडी थांबली की आपण ठेवतो ना, तसंच. अहो, घ्या ना मला! पण मला ओरडता थोडंच येतं?

रांग मोठी होती. माणसं एकेक करून परत आली. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, बाहेर डोकावला, माझ्या समजेपलीकडचं काहीतरी बोलला आणि दार लावलं. गाडी सुटली.

मला जन्मात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. जागा धरणं हेच माझं काम, पण येणारं माणूस मागून येतंय या भरवशावर ना! इथं एक माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेलं आणि दुसरं हद्दीवर सुटलेलं. बाहेर ताडासारखी झाडं मागं पळत होती आणि मी दोन सीटांची राखण करत होतो. कोणासाठी, ते मलाच कळत नव्हतं.

मलाक्का आलं. सगळे उतरले. मग एक बाई लहान पोरीला कडेवर घेऊन धावत गाडीत चढली. अपेक्षा! किती वाळली होती. तिनं सगळ्या सीटा पाहिल्या, चेहरा पांढराफटक पडला. "बाबा? बाबा नाही आले?" भगवानरावांचा फोन हद्दीपलीकडं मुकाच झाला होता. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं मन बदललं, मागल्या मागं परत गेला.

मग तिला मी दिसलो.

तिनं मला उचललं. कोपरा उलटला. लाल 'इं' वर अंगठा फिरवला आणि एस.टी.तल्या त्या लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून लेकीला म्हणाली, "खुशी, हा पाह्य, दुपट्टा आला. आता आजोबा येतीन."

त्याच कंपनीची पुढची बस दोन तासांनी होती, हद्दीवर सुटलेल्या माणसाला तीच घेऊन येते म्हणे. तेवढा वेळ ती बाकावर बसून राहिली आणि बाजूच्या जागेवर मला पसरून ठेवलं. कोणी बसू लागलं की हात हलवून नाही म्हणायची.

भगवानराव त्या बसमधून उतरले ते कावरेबावरे होऊन. लेकीला पाहताच म्हणाले, "दुपट्टा गेला वं! तुह्या आईचा दुपट्टा..."

तिनं मला वर धरलं.

ते मटकन बाकावर बसले. मला मांडीवर घेऊन माझी घडी घालत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तवा मी तसं बोलाले नव्हतं पायजे. तुह्यावर राग नव्हता. मी एकटा पडलो होतो वं, फार एकटा पडलो होतो."

"मी पण बाबा," अपेक्षा म्हणाली.

महिनाभरानं आम्ही परत आलो. यवतमाळच्या स्टँडवर नेरची गाडी लागली, भगवानरावांनी सवयीनं मला खिडकीतून फेकलं आणि येऊन माझ्या बाजूला बसले. गाडी भरली. हातात पिशवी घेतलेली, पाय ओढत चालणारी एक म्हातारी जवळ आली. "कोणी हाय का जी इथं?"

भगवानरावांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ उघडले ते 'येऊन राह्यली' म्हणण्यासाठीच, मला ठाऊक आहे. मग त्यांनी मला हळूच उचललं आणि खांद्यावर घेतलं.

"नाही बाई. कोणी नाही. बसा खिडकीजवळ."

आता मी नेरच्या घरात खुंटीवर असतो. मधून विरलोय, काठ सुटलाय, 'इं' मात्र अजून शाबूत आहे. भगवानराव बाहेर निघाले की मला खांद्यावर घेतात, पण फेकत नाहीत. धरायला जागाच उरली नाही कोणाची.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. गाडीत चढलात आणि रिकाम्या सीटवर एखादा दुपट्टा पडलेला दिसला, तर लगेच बाजूला सारू नका. थोडं थांबा. येणारं माणूस हळू चालत असेल.