माझ्या पंपाला काही झालं नव्हतं

मी हिल्डा बोलतेय. गाडी म्हणाल तर माझ्या पोटात चूल आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे. घर म्हणाल तर मला सहा चाकं आहेत. वय वर्षं एकवीस, म्हणजे आमच्या जातीत म्हातारपणच. या वयात आपली रड कुणाला ऐकवू नये, हे मला कळतं. पण माझ्या नावावर एक असा आजार लागलाय, जो मला कधी झालाच नव्हता. त्याबद्दल बोलल्याशिवाय मला इथून जायचं नाही.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. मला घडवणारे सुतार दाढीवाले होते. दिवसभर माझ्यात कपाटं ठोकायचे आणि संध्याकाळी घोडागाडीत बसून घरी जायचे, कारण त्यांच्या पंथात मोटार चालत नाही. काम मात्र चोख. माझ्या कपाटाची एकही फळी आजवर कुरकुरली नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मोठ्या हौसेने मला घेतलं, दोनदा तळ्याकाठी नेलं आणि मग सहा वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. माणसांच्या हौसेचं असंच असतं, वस्तू घरात आली की ती फिटते.

तिथून मला सोडवलं ऑरिन आणि मार्लिस ट्वेटन या नवराबायकोने. दोघंही उत्तर डकोटातली. ऑरिनचं आयुष्य जिल्ह्याच्या रस्त्यांवरचं बर्फ उपसण्यात गेलेलं, मार्लिसचं शाळेच्या स्वयंपाकघरात. निवृत्त झाले त्या वर्षीच त्यांनी मला घेतलं. हिल्डा हे नाव मार्लिसच्या आत्याचं. तीही अशीच रुंद आणि कुठेही पाहुणी जायला तयार असायची म्हणे.

आमचा नेम ठरलेला. पहिलं बर्फ पडायच्या आत निघायचं, अॅरिझोनात युमाच्या बाहेर गाड्यांच्या वसाहतीत हिवाळा काढायचा आणि एप्रिलच्या मध्याला, ऊन तापायच्या आत परत फिरायचं. असे चौदा हिवाळे झाले. कामांची वाटणीही ठरलेली होती. माझं बाहेरचं सगळं, म्हणजे इंजिन, चाकं, नळ्या, हे ऑरिनचं. आतलं सगळं मार्लिसचं. तो चुलीला हात लावायचा नाही आणि ती स्टिअरिंगला. वसाहतीतल्या बहुतेक जोडप्यांचं असंच चालायचं, आणि सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. आजाराच्या बातम्या येऊ लागल्या आणि आठवड्याभरात कॅनडावाले शेजारी सीमा बंद होतील म्हणून चंबूगबाळं आवरून पळाले. आमच्यासारखे चाळीसेक उरले. चार वाजता खुर्च्या मांडून गप्पा मारायचा रिवाज होता. खुर्च्या तशाच राहिल्या, फक्त लांब लांब झाल्या. पत्ते बंद पडले, कारण पत्ते हातातून हातात जातात.

तेव्हा ऑरिनला एक कल्पना सुचली. छोट्या बॅटरीगाडीवर कर्णा बांधून तो संध्याकाळी गल्ल्यांमधून हिंडू लागला आणि बिंगोचे आकडे पुकारू लागला. लोक आपापल्या दारात बसून तक्त्यावर चकत्या ठेवायचे. ज्याची ओळ भरेल, त्याने पातेलं वाजवायचं. ऑरिन प्रत्येक आकड्यामागे एक पांचट विनोद करायचा. बर्फाच्या ट्रकात चाळीस वर्षं एकटा बसलेला हा माणूस. त्याचे विनोद ऐकायला आजवर कोणी नव्हतं. आता तो दिसला की लोक हात हलवायचे. गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खरं सांगते, ते दिवस छान होते. एप्रिल सरला तरी आम्ही तिथेच होतो. निवडुंगावर पांढरी फुलं येतात, हे त्या दोघांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मार्लिस बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से म्हणतात त्यांना, लोणी-साखर लावून शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवून यायची. मलाही रोज माणसांचे आवाज ऐकत एका जागी उभं राहणं आवडू लागलं होतं. पुढे जे झालं त्यात माझी ही आवडही धरा.

मार्लिसची मोठी बहीण आर्डिस त्यांच्या गावच्या वृद्धाश्रमात होती. वय चौऱ्याऐंशी, पाय गेलेले, जीभ शाबूत. आई लवकर गेल्यामुळे मार्लिसला तिनेच वाढवलेलं. एप्रिलच्या शेवटी आश्रमाने नातलगांना खिडकीबाहेर उभं राहून भेटायची परवानगी दिली. काचेच्या आत म्हातारी, बाहेर नातलग, बोलणं फोनवर. हे कळल्याबरोबर मार्लिसने पिशव्या बाहेर काढल्या. तिला दमा होता, विमानात पाऊल टाकू नकोस असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि वाटेतल्या हॉटेलांत उतरायचीही भीती होती. स्वतःचा पलंग आणि स्वतःचं न्हाणीघर घेऊन जाणारी मी, एवढा एकच रस्ता तिला होता.

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हिल्डाचा इंधनाचा पंप अशक्त झालाय, घाटात मान टाकेल. नवा मागवलाय, पण कारखानेच बंद आहेत.

मी हबकले. माझा पंप ठणठणीत होता. महिन्याभरापूर्वी त्यानेच तो तपासला होता.

तो का खोटं बोलला, यावर मी पुष्कळ विचार केलाय. त्याला भीती वाटत होती, ती खरी. आदल्या वर्षी एका साध्या खोकल्याने मार्लिसला आठ दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं, आणि वाटेतला प्रत्येक पेट्रोल पंप त्याला तिच्या मृत्यूसारखा दिसायचा. पण त्याला संध्याकाळचा कर्णाही सोडवत नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्हींपैकी एकही त्याला बायकोला सांगता येईना. म्हणून त्याने माझं नाव पुढे केलं.

मार्लिसने विश्वास ठेवला. बाहेरचं सगळं त्याचं ना! दर गुरुवारी ती आर्डिसला फोन लावायची. आर्डिसने आश्रमात काम करणाऱ्या मुलींना सांगून आपली खुर्ची खिडकीशी हलवून घेतली होती. पहिल्या गुरुवारी तिने विचारलं, निघालात का? दुसऱ्या गुरुवारी विचारलं, चौदा वर्षं ज्या गाडीत संसार केलात तिला एक पंप जुळत नाही का. मे महिन्यातल्या एका गुरुवारी मात्र तिची थट्टा जरा थकल्यासारखी वाटली.

"तुझ्या त्या हिल्डाला माझा निरोप सांग," ती म्हणाली. "म्हणावं, माझ्याकडे वेळ आहे, पण फार नाही."

मार्लिसने फोन ठेवला आणि तो निरोप मला खरोखरच सांगितला, ओट्यावर हात ठेवून. ऑरिन तिथेच होता. तो उठून बिंगोच्या चकत्या मोजायला बाहेर गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. युमाच्या वाळवंटात एक उंदीर असतो, भलता साठेबाज. काटे, डबे, चमकदार काहीही दिसलं की उचलून बिळात नेतो, आणि उभ्या गाडीचं इंजिन म्हणजे त्याला आयतं बीळ. म्हणून तिथे मुक्काम करणारा प्रत्येकजण गाडीचं बॉनेट उघडं ठेवतो आणि आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करतो. लहान मूलही तिथे हे विसरत नाही. पण ऑरिनच्या मनात चांदणं. इंजिन सुरू केलं तर त्याचा ठणठणीत आवाज मार्लिस ऐकणार. बॉनेट उघडं ठेवलं तर एखादा रिकामटेकडा शेजारी डोकावून बघणार. म्हणून त्याने मला बंद ठेवलं, झाकून ठेवलं. मी आतल्या आत कुरतडली जात होते आणि वरून तो कर्ण्यावर लोकांना हसवत होता.

दहा जूनला भाच्याचा फोन आला. आर्डिसला ताप होता, श्वास लागत होता.

ऑरिनचा चेहरा पांढरा पडला. उद्या सकाळीच निघू, तो म्हणाला. पंपाचं मी बघतो काहीतरी, जाईल गाडी. मार्लिस इतकी घाबरली होती की तिने त्यावर काही विचारलं नाही.

सकाळी त्याने चावी फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण अंगातून हूं की चूं निघेना. त्याने पुन्हा फिरवली, आणि पुन्हा. मग युमाहून रामिरो नावाचा मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं आणि शीळ घातली. आत टोपलीभर काटे होते, बाटल्यांची झाकणं होती, आणि त्यांत लाल-निळ्या बिंगोच्या पंधरा-वीस चकत्या. तारा दातांनी सोलून टाकलेल्या.

उद्या दुपारपर्यंत करून देतो, रामिरो म्हणाला. मग त्याने, काही वाईट हेतू नसताना, इतके दिवस गाडी सुरू का केली नाही असं विचारलं.

"पंप गेला होता ना तिचा," मार्लिस म्हणाली. "तोही बघून घ्या."

रामिरोने वाकून, हात घालून नीट तपासलं. "पंपाला काही झालेलं नाही, बाई. नव्यासारखा आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मार्लिसने ऑरिनकडे पाहिलं. तो माझ्या चाकाकडे बघत होता. रामिरोने ओळखलं आणि तो हत्यारं काढायला आपल्या गाडीकडे गेला.

"मला भीती वाटत होती गं," ऑरिन म्हणाला. "तुझ्या जिवाची."

"मग तसं म्हणायचंस. आपण भांडलो असतो." ती अगदी हळू बोलत होती. "भांडणात मी जिंकते, हे तुला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रामिरो शेवटच्या तारा जोडत असताना, आर्डिस गेली. खुर्ची खिडकीशीच होती, असं भाच्याने सांगितलं. त्याने ते मार्लिसला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं.

लोक उंदरांना शिव्या देतात. पण उंदरांनी फार तर एक दिवस खाल्ला. त्याआधीचे सहा आठवडे आम्ही खाल्ले, ऑरिनने बोलून आणि मी गप्प राहून. तुम्ही म्हणाल, यंत्र काय बोलणार? माझ्या डॅशबोर्डावर अकरा दिवे आहेत. बिघाड नसताना लागणारा एकही दिवा त्या सुतारांनी मला दिला नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

चार दिवसांचा परतीचा रस्ता दोघांनी फारसं न बोलता कापला. दफनाला दहाच माणसांची परवानगी होती. तेव्हापासून मी त्यांच्या घरामागे, धान्याच्या जुन्या कोठाराशेजारी उभी आहे. दर रविवारी ऑरिन येतो, मला सुरू करतो आणि वीस मिनिटं नुसता बसतो. कुठे जायचं नसतं. ते दोघं अजून एकत्र जेवतात, एकत्र चर्चला जातात. हिवाळ्यात युमाला मात्र गेले नाहीत.

आता मी विकली गेलेय. शनिवारी एक तरुण जोडपं मला न्यायला येणार आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. कामं खुशाल वाटून घ्या, पण एकमेकांच्या वाट्याचं काम एकदा तरी करून बघा. आणि भीती वाटली तर भीती वाटते म्हणा, गाडीवर ढकलू नका.

काल मार्लिस कपाटं रिकामी करायला आली. बशा, तवा, पलंगावरची गोधडी, सगळं तिने खोक्यांत भरलं. मग पुढे येऊन चालकाच्या जागेवर बसली. चौदा वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. खुर्ची ऑरिनच्या उंचीला लावलेली, तिचे पाय जेमतेम पोचत होते. तिने चावी शोधली, लावली आणि फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.

"इतकंच होतं," ती म्हणाली, आणि इंजिन बंद न करता बराच वेळ तशीच बसून राहिली.