लुपेची बाजू

वाओसाला न्यायला बंदरावर सरकारी गाडी आली, हेच मुळात तिला खरं वाटत नव्हतं. सत्तरीला टेकलेली ही बाई. एरवी आपल्या बेटावरून बोटीनं राजधानीत, अपियाला आली की बसच्या लाकडी बाकावर अंग चोरून बसायची. आज थंडगार गाडी, आणि पुढच्या सीटवर परराष्ट्र खात्याची कोलोतिता, मांडीवर फायलींची चळत घेऊन.

"मावशी, तुम्ही फक्त चटईशेजारी उभं राहायचं," कोलोतिता म्हणाली. "हसायचं. कुणी काही विचारलंच तर मी आहे."

"आणि हात लावायचा?"

"कशाला?"

"चटईला गं. तुला थोडीच लावणार आहे!"

कोलोतितानं फायलीत डोकं घातलं. "बघू," ती म्हणाली. सरकारी माणसाच्या 'बघू'चा अर्थ साऱ्या जगात एकच असतो. पण वाओसा बिचारी आशेवर होती.

चटई म्हणायची ती आपली म्हणायला. तिच्यावर कुणी बसत नाही. धुतलेल्या लुगड्यासारखी मऊ, कडेला लाल पिसं. वाओसा आणि तिची धाकटी बहीण लुपे, दोघींनी शेजारी शेजारी बसून चार वर्षं विणलेली. उजवी बाजू वाओसाची, डावी लुपेची. लुपे डावखुरी होती आणि रागीटही होती, त्यामुळे ती पात ओढायची ती दातओठ खाऊन. तिच्या बाजूला विणीत एक बारीकशी उंची आली होती. डोळ्यांना ती दिसायची नाही, बोटांना मात्र बरोबर लागायची.

सहा वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या मित्रदेशाचे लोक मैत्रीच्या बोलण्यांसाठी आले, तेव्हा सरकारनं गावाकडे सर्वांत चांगली चटई मागितली. गावानं या दोघींच्या दाराकडे बोट दाखवलं. दोघींनी हसत दिली. चटई द्यायचीच असते. कुणाकडे मयत झालं, लग्न झालं, बाळ जन्मलं, की चटया या घरातून त्या घरात जातात, आणि फिरत फिरत एखाद्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात आपलीच चटई आपल्याला भेटते. "येईल गं," लुपे म्हणायची. "तिकडे आपली इतकी माणसं आहेत. दहा घरं फिरेल आणि येईल."

दुसऱ्या वर्षी लुपे गेली. चटई काही आली नाही.

वाओसाची तिन्ही मुलं त्याच मित्रदेशात होती. रविवारी फोन यायचा, त्यात अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जायचा. बाकीचे सहा दिवस ती एकटी. अजूनही दोघींपुरता तारोचा कंद उकडायची आणि उरलेला डुकरांना घालायची. हाताला सवयच नव्हती कमी शिजवायची. एकटेपण तिला खात होतं, हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगायला कुणी नव्हतं.

आणि आता निरोप आला होता की चटई आलीय. दोन दिवसांच्या बोलण्यांसाठी मित्रदेशानं ती मैत्रीची खूण म्हणून सोबत आणलीय. वाओसाला एवढंच हवं होतं: एकदा बोटं लुपेच्या बाजूवरून फिरवायची. बाकी त्यांच्या मैत्रीचं त्यांनी काय ते बघावं.

सभागृहाच्या दालनात चटई काचेच्या पेटीत उभी टांगलेली होती. पेटीला कुलूप, आत बारीकसा दिवा, शेजारी पांढरे हातमोजे घातलेला एक परदेशी तरुण. वाओसा पेटीसमोर उभी राहिली. ओळखीचं माणूस दवाखान्यात नळ्या लावलेलं दिसावं, तसं झालं तिला.

"त्याला म्हण, जरा उघड," ती कोलोतिताला म्हणाली.

तरुणानं मान हलवली. हाताचं तेल लागतं म्हणे, चटई खराब होते.

"चार वर्षं माझ्या हाताचं तेल खाऊनच मऊ झालीय ती! त्याला वाटतं काय, दुकानातून आणलीय?"

"मावशी, हळू. आणि हे गाठोडं इथे नको."

गाठोड्यात वाओसानं एकटीनं विणलेली चटई होती. जाडसर, साधीच. पण पाहुण्यांकडे रिकाम्या हातानं जायचं कसं? कोलोतिता म्हणाली, आजच्या कार्यक्रमात भेटवस्तूला जागा नाही, आधी कळवावं लागतं. गाठोडं टेबलाखाली गेलं.

आत बोलणी सुरू झाली. सांस्कृतिक संबंधांना वीस मिनिटं होती, ती पंधरा मिनिटांत उरकली. मग समुद्राची सुरक्षा निघाली. गस्तीच्या बोटी किती, कुणाच्या खर्चानं, चोरून मासे पकडणाऱ्या जहाजांना कुठल्या रेषेवर अडवायचं. हे दुपारपर्यंत चाललं. वाओसा पेटीशेजारी उभीच. तिनं मधूनमधून काचेला बोट लावलं. काच गार होती.

जेवणाच्या आधी सगळे बाहेर आले. पुढे मित्रदेशाच्या मंत्रीबाई, हॉलिसबाई. उंच, करड्या केसांच्या, डोळ्यांखाली काळं. मागे आपले मंत्री, फोटोवाले आणि भाषणाचे मानकरी म्हातारे तुइला, हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. हॉलिसबाईंनी वाओसाचा हात हातात घेतला आणि छान बोलल्या. चटई किती जपलीय, सहा वर्षांत एक पातही हललेली नाही, अंधाऱ्या थंड खोलीत ठेवलेली असते. कोलोतितानं सगळं वाओसाला तिच्या भाषेत सांगितलं.

वाओसानं हसायचं होतं. तिला हसू येईना.

"सहा वर्षांत तुमच्याकडे कुणी मेलं नाही का?" तिनं विचारलं.

कोलोतिताचा चेहरा उतरला. ती उगाच फायली चाळू लागली. शेवटी तुइलांनी काठी आपटली आणि त्यांना उत्तम येणाऱ्या परक्या भाषेत शब्दन्‌शब्द सांगून टाकलं. वर खुलासाही केला: घरात मयत होऊनही चटई हलली नाही, तर लोकांना वाटतं त्या घरी कुणी आलंच नाही.

हॉलिसबाई काचेकडे वळल्या.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "मार्च महिन्यात."

"मग कोण कोण आलं होतं?"

"मला माहीत नाही. मी नव्हते तिथे. मी अशाच एका बैठकीत होते."

फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली केले. हॉलिसबाई त्या हातमोजेवाल्याकडे वळल्या आणि एकदम म्हणाल्या, "उघडा ती पेटी. यांची चटई यांना परत द्या."

आपल्या मंत्र्यांनी डोळेच मिटले. दिलेली चटई त्याच हातांनी परत येणं म्हणजे मैत्री मोडली. गावात असं झालं की दोन घरं तीन पिढ्या एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इथे तर दोन देश, आणि आत सहीसाठी ठेवलेला बोटींचा कागद. कोलोतिता वाओसाच्या कानाशी कुजबुजली, "मावशी, तुमच्या पाया पडते."

कुलूप उघडलं होतं. चटई हाताच्या अंतरावर होती, लुपेची बाजू अलीकडेच. घ्यावी आणि बोट गाठावी, असं तिला फार फार वाटलं. मैत्री मोडली तर मोडू दे. तिला कोणती मैत्री उरली होती?

पण लुपेनं ती हसत दिली होती. लुपेचं दिलेलं तोंडावर परत आलं, असं लोक म्हणतील.

"परत नाही घेत आम्ही," ती म्हणाली, आणि हात पाठीमागे बांधले.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळी जेवणाकडे वळलीसुद्धा. हॉलिसबाई मात्र तिथेच उभ्या होत्या, आई गेल्यापासून कुणी सांगितलंच नसेल की आता कुठे जायचं, तशा. वाओसानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाखालून स्वतःचं गाठोडं ओढून सोडलं, जाडसर चटई हॉलिसबाईंच्या पायाशी उलगडली आणि फरशीवर बसली.

"ही तुझ्या आईसाठी," ती म्हणाली. "उशीर झाला. मला कळवलं नाही कुणी."

आणि ती रडायला लागली. आधी रीत म्हणून, आईच्या नावानं. मग रीत कुठे संपली ते तिचं तिलाच कळलं नाही. लुपेच्या वेळी ती इतकी रडली नव्हती, कारण तेव्हा आलेल्यांना जेवायला वाढायचं होतं. हॉलिसबाई खाली बसल्या, गुडघे दुमडता येईनात तशा, एका अंगावर. त्यांचाही बांध फुटला.

बऱ्याच वेळानं तुइला खाकरले. "मयताच्या घरी आलेली बाई रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत," ते म्हणाले, छताकडे बघत.

हॉलिसबाईंना कळलं. हातमोजेवाला "नोंदवही" की काय पुटपुटला, पण त्या ऐकायच्या पलीकडे होत्या. त्यांनी स्वतः चटई उतरवली आणि वाओसाच्या खांद्यांवर घातली. हे परत देणं नव्हतं. आईच्या नावानं दिलेलं होतं. आपल्या मंत्र्यांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

बंदरावर सोडायला कोलोतिताच आली. बोटीला अवकाश होता. कठड्यावर बसून वाओसानं घडीत हात घातला, आणि बोटांना ती बारीक उंची लागली. लुपेचा राग जसाच्या तसा होता. वाओसा हसली, मग तिनं हात तिथेच राहू दिला.

"आता कुणाला देणार, मावशी?"

वाओसानं मनातल्या मनात घरं मोजली. मुलांची लग्नं तिकडेच झाली. नातवंडं तिकडेच जन्मली. तिच्या घरी आता लग्नही होणार नव्हतं आणि बाळही. मघाशी त्या बाईला केलेला 'कोण कोण आलं होतं'चा सवाल तिच्याच दारात येऊन उभा होता.

"मी मेले की तू ये," ती म्हणाली. "तुला मिळेल. येताना काही आणलं नाहीस तरी चालेल."

"असं काय बोलता!" कोलोतिताचा फोन वाजला. दोन वाजता बोटींवरची बोलणी पुन्हा सुरू होणार होती.

"'बघू' नको म्हणूस."

कोलोतितानं फोन बंद केला. "येईन," ती म्हणाली. आणि मग धावत गाडीकडे गेली.

घरी पोचल्यावर वाओसानं तारो चढवला, दोघींपुरता. चटया गादीखाली ठेवायच्या असतात, म्हणजे सपाट राहतात. तिनं ही गादीच्या लुपेच्या बाजूला ठेवली, आणि एक कड बाहेर काढून ठेवली, लाल पिसं दाराकडे करून. येणाऱ्याला शोधत बसायला लागू नये.