कॉम्प्युटरचा कौल

धामापूरच्या रुक्मिणीच्या मांडीत दिवाळीच्या सुमारास गाठ आली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून तिनं कोणाला सांगितलंही नाही. संक्रांतीपर्यंत लिंबाची मोसंबी झाली, तेव्हा तिच्या चालण्यावरून नवऱ्यानं, महादूनं, ओळखलं.

"काय गो, लंगडतंस कित्याक?"

"लंगडतंय खंय? साडी अडाकता."

महादू ऐकणारा नव्हता. त्यानं तिला मोटरसायकलवर बसवलं आणि थेट मालवणात डॉक्टरांकडे नेलं. रुक्मिणीनं वाटेतच हिशेब मांडला होता. डॉक्टर चिरा मारतील, दोन टाके घालतील, संध्याकाळी आपण घरी. काजूचा हंगाम तोंडावर आलेला, आजारी पडायला सवड कोणाला होती!

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, किती दिवसांत किती वाढली ते विचारलं आणि म्हणाले, "मी हिला सुरी लावणार नाही."

"कित्याक? तुमका जमणा नाय?" रुक्मिणीनं विचारलं. महादूनं तिला कोपरानं ढोसलं.

डॉक्टर हसले. "जमतं हो. पण आत काय आहे ते न बघता कापली आणि वाईट निघाली, तर माझ्याच चिऱ्यातून ती आजूबाजूला पसरेल. पुढच्या डॉक्टरला मग दुप्पट कापावं लागेल. आधी एमआरआय, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. आणि तो तुकडाही जिथं ऑपरेशन होणार तिथंच काढायचा. मुंबईला जा."

घर येईपर्यंत रुक्मिणी त्या डॉक्टरांना नावं ठेवत होती. पुढे कधी तरी तिनं त्यांना ओल्या काजूगरांची पिशवी नेऊन दिली, ती गोष्ट वेगळी.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सांगायला एक तरुण डॉक्टरीण समोर बसली. आकांक्षा तिचं नाव. गंभीर चेहऱ्यानं, शुद्ध मराठीत ती म्हणाली, "या आजाराला सारकोमा म्हणतात."

"सरकारमा?" महादू खुर्चीत पुढे सरकला. "ह्येच्यात सरकार खंयसून इला?"

डॉक्टरीणबाईंचा गंभीर चेहरा तिथंच फुटला. तोंडावर हात धरून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमी खंयचे?"

"धामापूर."

"मी वेंगुर्ल्याची."

झालं! त्यानंतर त्या खोलीत शुद्ध मराठी कोणी बोललं नाही. आकांक्षानं सगळं समजावून सांगितलं. हा मांसात, चरबीत किंवा हाडात होणारा कॅन्सर. फार थोड्यांना होतो, म्हणून पटकन ओळखला जात नाही. रुक्मिणीचा मांडीतच होता, छातीत गेला नव्हता.

रुक्मिणीनं एकच विचारलं. "पाय काढतलास?"

"नाय, काकी. पाय ठेवूचो म्हणानच पयली किरणां देवची, मगे ऑपरेशन."

रुक्मिणीनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता की आणखी काही, ते महादूनं विचारलं नाही.

मग आकांक्षानं एक कागद पुढे केला. हॉस्पिटलात एक अभ्यास चालू होता आणि रुक्मिणीला त्यात भाग घेता येणार होता. कागदावर 'यादृच्छिक वाटप' असं लिहिलेलं. रुक्मिणीनं ते दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला. "ह्या तूच सांग, बाये."

"किरणां देवच्यो दोन तऱ्हा आसत. एक जुनी, पाच आठवडे रोज थोडी थोडी. दुसरी नवी, एकाच आठवड्यात मोठे डोस. नवी तितकीच बरी आसा काय, मागसून जखम नीट भरता काय, ता अजून नक्की कळला नाय. म्हणान अभ्यास."

"तुका पण म्हायत नाय?"

"माका नाय आणि माझ्या सरांक पण नाय."

डॉक्टर माणूस इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणतो, हे रुक्मिणीनं पहिल्यांदाच ऐकलं. तिला ते आवडलं. "मगे माका खंयची देवची, ता कोण ठरवतला?"

"कॉम्प्युटर. चिठ्ठी काढल्यासारख्या. मी निवडूक लागलंय तर धडधाकट माणसांक एक देयन आणि थकलेल्यांक दुसरी. मगे खरा काय ता कळाचाच नाय."

"म्हणजे कौल!" रुक्मिणी म्हणाली. भगवतीच्या देवळात मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं, यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"कौलच. फक्त देवीक उत्तर म्हायत आसता, कॉम्प्युटराक नाय."

रुक्मिणीनं सही केली आणि मनोमन एका आठवड्याची मागणी घातली. एक आठवडा, की परत काजूत. दुसऱ्या दिवशी कौल आला. पाच आठवडे.

"परत लाव," ती आकांक्षाला म्हणाली.

"काकी, हयसर परत लावूक येणा नाय."

"मगे मी भायर पडतंय."

"पडा. कोण रागावचो नाय, उपचार पण थांबाचे नाय. पण भायर पडलास तरी पाचच आठवडे. एका आठवड्याची तऱ्हा सध्या अभ्यासातच देतत."

रुक्मिणी तरातरा बाहेर गेली आणि बाकावर बसली. महादू पाठोपाठ आला.

"काजूच्यो बियो कोण वेचतलो?" ती म्हणाली.

"मी वेचतंय."

"तुमी? तुमका वाकाक येता खंय?"

"तुझो पाय रवांदे गो. फुडच्या वर्षाक दोगा वाकूया."

समोरून व्हीलचेअरवर एक कॉलेजातला पोरगा गेला, गुडघ्याला पट्टा, कानात गाणी. रुक्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. "आसंय मी तुझ्या अभ्यासात," ती आकांक्षाला म्हणाली. "पाच आठवडे जावचेच आसत, तर कोणाच्या तरी उपयोगाक पडांदेत."

मुलगी किशोरी मुंबईत नोकरीला होती, तिच्याकडे ती राहिली. रोज किरणांच्या रांगेत बसताना तिला जामसंड्याची तुळसा भेटली. तुळसाच्या दंडात गाठ होती आणि कॉम्प्युटरनं तिला एकच आठवडा दिला होता. रुक्मिणीनं पहिले दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तुळसानं सुक्या बांगड्याची चटणी आणली आणि अबोला सुटला. तुळसा आठवडा संपताच, ऑपरेशनची तारीख घेऊन, घरी परतली, मग आंब्याच्या बागेतून तिचे फोन येत, "तू अजून थयच?" इकडून महादूचा फोन येई, त्यात काजूपेक्षा कमरेचंच वर्णन जास्त असे. रुक्मिणी ऐकून पोट धरून हसे.

ऑपरेशनही झालं. गाठ भोवतालच्या चांगल्या मांसाच्या वेष्टनासकट अख्खी बाहेर आली आणि पाय पायाच्या जागी राहिला. जखम भरायला अंमळ वेळ लागला. वॉकर धरून ती पहिल्यांदा वॉर्डाच्या टोकापर्यंत गेली, तेव्हा तिनं तिथल्या नर्सबाईंना विचारलं, "हयसर चाय खंय गावता?" चतुर्थीला ती गावी होती. थोडी लचकत चालत होती, पण आरतीला उभी होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर काही महिन्यांनी ती छातीचा स्कॅन करून येते. आतापर्यंत सगळे स्वच्छ आले आहेत. अभ्यास अजून चालू आहे, उत्तर यायचं आहे.

गेल्या मे महिन्यात आकांक्षा सुट्टीवर आली आणि सरळ धामापूरला पोचली. तुळसालाही तिनं बोलावलं होतं. पेशंटांसाठीचा तो कागद नव्यानं लिहायचा होता आणि तो पेशंटांनीच तपासावा असं हॉस्पिटलात ठरलं होतं. तिघी ओटीवर बसल्या. 'यादृच्छिक' पहिल्या पाच मिनिटांत गेलं, त्या जागी रुक्मिणीनं 'कॉम्प्युटरचा कौल' लिहायला लावलं. मग तुळसा म्हणाली, मोठ्या डोसानं थकायला होतं ते स्पष्ट लिही. रुक्मिणी म्हणाली, "आणि पाच आठवड्यांचो कंटाळो येता, ता पण घाल. चटणी आणणारी एक तरी मैतरीण करूची, असा लिही."

"तू आदी माझ्याशी बोलणा खंय हुतंस?" तुळसा म्हणाली.

"तुका कंटाळो खंय इलो? तू पळालंस!"

आकांक्षा हसत हसत लिहीत होती. महादूनं घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आणून ठेवलं, तरी वाद मिटेना.

पुढे हॉस्पिटलच्या नीतिसमितीनं तो मसुदा बारकाईनं वाचला. कौलाची ओळ त्यांनी काढली, चटणीही काढली. पण 'या काळात कंटाळा येईल, गप्पा मारायला माणूस जोडा' एवढं मात्र तसंच छापून आलं. आकांक्षानं पाठवलेला फोटो रुक्मिणीनं तुळसाला धाडला आणि खाली लिहिलं, "बघ, माझा वाक्य ऱ्हवला."

तुळसाचं उत्तर लगेच आलं. "चटणी खंय गेली?"