मामाची टुंगटुंग

"मामा, तुझी तबकडी अडकलीय का रे?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तोंडावर विचारलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्या मागच्या खोलीत राहतो, भाषांतरं करतो आणि दिवसभर पियानो ऐकतो. नुसती टुंगटुंग, पुढे सरकायचं नावच नाही!

"अडकली नाही गं. दोन पियानो आहेत, त्यातला एक हळूच पुढे जातो. ऐक तरी."

ऐकलं. डोंबल पुढे जातो! मला तर तो पक्का ढोंगी वाटला. डोळे मिटून डोलत बसलं की कुणी काम सांगत नाही. बाबांनाही हाच संशय होता. "त्याला दुसरीकडे घर बघू दे. हिचं परीक्षेचं वर्ष आहे, खोली हिला," ते म्हणाले. आईने भांडी जरा जोरात आपटली.

खोली तर मला हवीच होती. म्हणून मी सापळा रचला. त्या संगीतातला एक तुकडा कापायचा, कॉम्प्युटरवर तोच पुन्हा पुन्हा चिकटवायचा आणि मामाला ऐकवायचा. डोलत राहिला की सापडला!

पण कापू कुठे? जोड कळू नये म्हणून सारखे दोन तुकडे हवे होते, ते मिळेचनात. नीट कान लावला तेव्हा लक्षात आलं, हे तर बागेतल्या शेजारशेजारच्या दोन झोक्यांसारखं आहे. बरोबर निघतात, मग एक जरासा पुढे, मग सगळा गोंधळ, आणि अचानक पुन्हा एकत्र! मी खुर्चीतून उडालेच. तरी संशय होताच. मला ऐकू आलं, पण मामाला येतं कशावरून?

संध्याकाळी आई-बाबांसमोर माझा नकली तुकडा लावला. मामा डोलला. बाबांनी भुवया उडवल्या. मग मामाची मान थांबली.

"हा पियानो पुढे चालत नाहीये. जागच्या जागी उड्या मारतोय. कुणी केलं हे?"

"पोरीचा चेहरा वाचलास तू," बाबा म्हणाले. "भिंतीकडे तोंड कर."

मामा वळला. मी गुपचूप खरं संगीत लावलं.

"बोल, खरं की नकली?"

मामा गप्प. आणखी गप्प. बाबा हसायला लागले.

"थांबा ना, बाबा!" मी कान टवकारले. "सरकला!"

आणि नेमकं त्याच क्षणी भिंतीकडूनही आलं, "सरकला!"

बाबांचं हसू तिथेच थांबलं.

"मला खोली नको," मी जाहीर केलं. "आई, तूही ऐक. मामा कुठेही जाणार नाही. मी अभ्यास त्याच्याच खोलीत करणार, टुंगटुंग चालू ठेवून. मार्क कमी पडले तर मला ओरडा, त्याला नाही."